काळ्या डोंगराचा बेत

मे महिना. रात्रीचे साडेदहा, आणि भिंत अजून हाताला भाजते.
टेबलावर नकाशा; त्याच्या चार कोपऱ्यांवर
वरणाची वाटी, चष्म्याचं घर, गोळ्यांचा डबा
आणि ह्यांची मूठ.

"केवढा आहे हा देश?"
गडचिरोली जिल्ह्याहून थोडा लहान, मी सांगते.
माणसं सगळी मिळून सव्वासहा लाख.
"म्हणजे नागपूरच्या पावभर लोकांत
राजधानी, राष्ट्रगीत, सगळं भागवून राहिले बाप्पा!"
अजनीच्या मालधक्क्यावर पस्तीस वर्षं वॅगनी मोजलेला माणूस,
मोजून संपणाऱ्या गोष्टींवर त्याचा जीव.

माँटेनेग्रो. म्हणजे काळा डोंगर.
सकाळी समुद्रात पाय बुडवा, दुपारनंतर स्वेटर घाला.
आम्हाला इथून कुठल्याही बाजूचा समुद्र
एक रात्र आणि वर थोडी सकाळ.
झिरो माइलच्या दगडावर जबलपूर कोरलंय, छिंदवाडा, चांदा;
समुद्र किती मैल, ते कोणी खोदलं नाही.

ह्यांना डोंगर हवा. पोहता येत नाही म्हणून,
पण कारण सांगतात हवेचं.
मला तो किल्ला हवा, बंदरावरचा, तेराशे पन्नास पायऱ्या.
"आणि तुझा गुडघा?"
गुडघ्याला मी रामटेकला नेलं दोन रविवार,
पहाटे, ऊन उठायच्या आत.
अर्ध्यात बसले, एका माकडाने शेंगदाणे नेले,
मग उरलेलं चढले.

फॉर्ममध्ये एक रकाना आहे: प्रवासाचा हेतू.
पर्यटन, असं लिहिलं.
ते खोटं नाही, पण पुरतंही नाही.

माझ्या वर्गात गुंडाळीचा नकाशा होता, कापडी,
वरची काठी मोडलेली.
त्यात हा देश नव्हता. त्याच्या जागी
एक मोठा गुलाबी डाग: युगोस्लाव्हिया.
ब्याण्णव साली तिसऱ्या बाकावरून सुगत खोब्रागडे उठला,
"मॅडम, हा देश फुटला. रात्री रेडिओवर सांगितलं."
मी म्हटलं, पुस्तकात आहे तेच लिहायचं.
सहामाहीला त्याने तरी जे खरं ते लिहिलं.
मी दोन मार्क कापले.
लाल पेन, व्यवस्थित गोल, बाजूला सही.

नवा नकाशा मंजूर व्हायला तीन वर्षं लागली.
तोवर सुगत शाळेतून गेला होता.
कुठे गेला, कोणाला विचारलं नाही मी.

हे सगळं ह्यांना अजून सांगितलेलं नाही.
हे कागदावर रेघा मारतात: समुद्र तीन दिवस, डोंगर चार,
मधे एक दिवस कोरा, "गाडी लेट झाली तर".
जनता बँकेची एफडी मोडायची की नाही
यावर दर बुधवारी चर्चा, दर गुरुवारी अबोला.
आज बुधवार.

काल बर्डीवर फोटो काढले.
फोटोवाला पोरगा म्हणे, आजी, हसू नका,
केस मागे घ्या, दोन्ही कान दिसले पाहिजेत.
अडतीस वर्षं वर्गावर मीच म्हणत आले, कान इकडे द्या;
माझे कान कोणाला हवे होते, ही पहिलीच वेळ.
हसू आलंच. फोटो पुन्हा काढावा लागला,
दीडशे रुपये जास्त. हे अजून बोलून दाखवतात.

दिवा मालवला. कुलर घरघरतो.
समुद्रासारखा, असं लिहिणार होते,
पण नाही, तो कुलरसारखाच वाजतो,
आणि त्यात पाणी भरायची पाळी आज माझी.

बादली घेऊन उठते. अंधारात ह्यांचा आवाज,
"ऐक नं. तो कोरा दिवस आहे नं मधला,
तो काहून ठेवला, माहीत आहे?"
गाडी लेट झाली तर.
"नाही. तुला कुठं एकटीनं बसायचं असलं तर."

बादली भरून वाहते, नळ बंद करायचा राहतो.
मी विचार करते, तिथल्या पोस्टात
एक कार्ड घेईन. मजकूर ठरला आहे:
तुझं उत्तर बरोबर होतं. दोन मार्क येणे बाकी.
पत्त्याची जागा तेवढी
अजून पांढरी आहे.